पाकिटाची मागची बाजू

युट्रेख्टमध्ये संसार मांडणाऱ्या मराठी स्त्रीपुढे जे अनेक लहानमोठे प्रश्न उभे राहतात, त्यांत केसांना काय लावावे आणि तोंडाला काय चोळावे हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक दिसतो. परंतु बदललेली हवा, हिवाळ्यात तापवलेल्या खोल्यांमुळे कोरडी पडणारी त्वचा, अपरिचित नावांच्या बाटल्यांनी भरलेली फडताळे आणि देशातून आणलेल्या साठ्याचा दिसू लागलेला तळ, या सर्वांचा परिणाम असा होतो, की जिने मायदेशी एकाच तेलावर आणि एकाच साबणावर सारे आयुष्य काढले असते, ती येथे वारंवार नवी बाटली विकत घेते. परिचितांत माझी ख्याती चोखंदळ गिऱ्हाईक अशी आहे आणि तिचा मला संकोच वाटत नाही. सुगंधावर, बाटलीच्या डौलावर किंवा शेजारणीच्या शिफारशीवर खर्च होणारा चोखंदळपणा व्यर्थ जातो. तोच पाकिटाच्या मागच्या बाजूवर खर्च केला तर त्वचेचे, केसांचे आणि प्रसंगी डोळ्यांचेही रक्षण करतो, हे एका दुखण्याने मला शिकवले.

या शहरात अशा खरेदीच्या दोन वाटा आहेत. एक वाट ड्रोगिस्टच्या दुकानाची. साबण, शाम्पू, मलमे आणि चिठ्ठीविना मिळणारी किरकोळ औषधे विकणारी क्रुइडव्हाट किंवा एटोस यांसारखी ही दुकाने बहुतेक प्रत्येक वस्तीत सापडतात. दुसरी वाट रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेस लोम्बोक पेठेतील कानालस्ट्राटची, जेथे तुर्की आणि मोरोक्कन वाणसामानाच्या शेजारी आवळ्याचे तेल आणि मेंदीची पाकिटे दृष्टीस पडतात आणि मन थेट तुळशीबागेत जाऊन पोहोचते. सुटीवरून परतणाऱ्या आप्तांच्या बॅगेतून येणाऱ्या वस्तूंची गणना मी येथे करीत नाही, कारण तेथे निवडीचा अधिकार आपला नसतो.

माझ्या दुखण्याचे मूळ मात्र यांपैकी कोणत्याही दुकानात नव्हते. दिवाळीच्या सुमारास भरलेल्या एका मेळ्यात ‘संपूर्ण नैसर्गिक काळी मेंदी’ म्हणून विकली जाणारी पुडी मी घेतली. तिच्यावर उत्पादकाचे नाव, घटकांची यादी, मुदत, यांपैकी काहीही छापलेले नव्हते. रंग तासाभरात चढेल असे आश्वासन विक्रेतीने दिले होते आणि तसा तो चढला. दुसऱ्या दिवशी कानांमागे व कपाळाच्या कडेला खाज सुटली, पाण्याने भरलेले फोड आले आणि तिसऱ्या दिवशी पापण्या इतक्या सुजल्या, की डोळे उघडणे दुष्कर झाले. येथील रीतीप्रमाणे प्रथम हाऊसआर्ट्स म्हणजे कुटुंबवैद्य, आणि त्यांच्या चिठ्ठीने पुढे त्वचारोगतज्ज्ञ, असा प्रवास घडला. संशयित द्रव्यांच्या पट्ट्या पाठीवर दोन दिवस चिकटवून ठेवतात, काढताना एकदा आणि त्यानंतर पुन्हा एकदा त्वचेचे अवलोकन करतात. त्या परीक्षेत पॅरा-फिनिलीनडायअमाइन या रंगद्रव्याचे नाव निष्पन्न झाले. पूर्वी कधी हातावर झटपट रंगणारी काळी मेंदी काढली होती काय, असे डॉक्टरांनी विचारले. काढली होती, एका लग्नात. शरीराचे त्या द्रव्याशी वैर तेव्हाच जडले असावे, असे त्यांचे अनुमान होते, आणि असे जडलेले वैर सहसा जन्मभर टिकते.

मेंदीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे मला अगत्याचे वाटते, कारण ती आपल्या घरातली वस्तू आहे आणि म्हणूनच तिच्या नावावर विश्वास चटकन बसतो. खऱ्या मेंदीचा रंग नारिंगी किंवा तांबूस असतो. तो चढण्यास अवधी लागतो आणि निव्वळ मेंदीने केस काळे कदापि होत नाहीत. काळेपणा वनस्पतींतूनच हवा असेल, तर मेंदीनंतर निळीच्या पानांची पूड लावण्याची जुनी पद्धत आहे, परंतु तीही धीराचे काम आहे. याउलट जी पूड तासाभरात कृष्णवर्ण देते, तिच्यात बहुधा वर सांगितलेले द्रव्य किंवा त्याचा एखादा सगोत्र असतो. युरोपात केसांच्या कलपात त्याला प्रतिबंध नाही. मिश्रण केल्यानंतर त्याचे प्रमाण दोन टक्क्यांहून अधिक नसावे आणि पाकिटावर इशारा छापावा, अशा अटी मात्र आहेत. हातापायांच्या त्वचेवर नक्षी काढण्यासाठी त्याचा उपयोग करण्यास मुभाच नाही. कलपाच्या पाकिटावर ४८ तास आधी त्वचेवर चाचणी घेण्याची सूचना असते, ती पाळावी. ज्यांना एकदा बाधा झाली आहे, त्यांनी चाचणीच्याही फंदात न पडता तो कलप वर्ज्य करावा. आणि लहान मुलींच्या हातावर झटपट काळी मेंदी कोणत्याही सणासमारंभात काढू देऊ नये. त्यांना तिची किंमत मोठेपणी, पहिल्यांदा केस रंगवताना, मोजावी लागते.

आता मागच्या बाजूकडे वळू. युरोपीय संघाचा १२२३/२००९ क्रमांकाचा सौंदर्यप्रसाधनविषयक कायदा ११ जुलै २०१३ पासून पूर्णपणे अमलात आहे, आणि त्याने गिऱ्हाइकाच्या हाती मोठे शस्त्र दिले आहे. प्रत्येक वस्तूवर संघाच्या हद्दीतील जबाबदार व्यक्तीचे किंवा संस्थेचे नाव व पत्ता, उत्पादनाच्या घाण्याचा क्रमांक आणि घटकांची यादी हवी; सावधगिरीच्या सूचना या देशात डच भाषेत हव्यात. ज्या वस्तूचे आयुष्य तीस महिन्यांहून अधिक, तिच्यावर अंतिम तारीख नसली तरी उघड्या डबीचे चिन्ह आणि त्यात, उघडल्यानंतर किती महिने वापरावी, हा आकडा असतो. यादीतील क्रम वजनाच्या उतरत्या मानाने लावतात. एक टक्क्याहून कमी असलेले घटक शेवटी कोणत्याही क्रमाने लिहिण्याची सवलत आहे. पुढच्या बाजूस आवळे रसरसलेले दिसतात आणि मागे यादीच्या आरंभी पॅराफिनम लिक्विडम, म्हणजे खनिज तेल, विराजमान असते, असे मी कितीदा तरी पाहिले आहे. खनिज तेल विषारी नव्हे. पण आवळ्याचा दाम देऊन ते का घ्यावे? आपल्या परिचयाच्या वनस्पती तेथे लॅटिन वेषात येतात: शिकेकाई अकेशिया कॉन्सिना, माका एक्लिप्टा, आवळा फिलँथस एम्ब्लिका किंवा एम्ब्लिका ऑफिसिनॅलिस, खोबरेल कोकस न्यूसिफेरा. एवढी चार नावे पाठ केली तरी फडताळापुढे उभे राहण्याचा आत्मविश्वास येतो. ज्यांची त्वचा नाजूक आहे, त्यांनी ‘परफ्यूम’ हा शब्द आणि लिमोनिन, लिनालूल यांसारखी सुगंधद्रव्यांची नावेही शोधावीत. ही द्रव्ये लिंबासंत्र्याच्या सालीतून किंवा लव्हेंडरच्या फुलांतून आली म्हणून निरुपद्रवी ठरत नाहीत.

गोरेपणाच्या मलमांविषयी माझे मत कठोर आहे. ती घेऊ नयेत. मराठी घरांत सावळ्या मुलींना अद्याप जे ऐकून घ्यावे लागते, त्याचा मला संताप येतो, परंतु केवळ संताप हे कारण नव्हे. हायड्रोक्विनोन आणि पारा यांना येथे अशा मलमांत मनाई असूनही दोन्ही आढळतात. पारा मूत्रपिंडांना इजा करतो, आणि काही मलमांत चिठ्ठीवाचून विकता न येणारी क्लोबेटासॉलसारखी तीव्र स्टेरॉइडे असतात, ज्यांनी त्वचा प्रथम उजळ व तुकतुकीत दिसते आणि मागाहून पातळ पडते. सुरम्याच्या बाबतीतही तीच दक्षता हवी, कारण त्याच्या काही प्रकारांत शिसे असते. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत तो घालू नये.

तेलाच्या बाबतीत मात्र परंपरेच्या बाजूने बोलण्यास आधार आहे. मुंबईच्या मॅरिको कंपनीच्या प्रयोगशाळेतील रेले आणि मोहिले या दोघांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली, तेव्हा केसांतील प्रथिनांचा ऱ्हास खोबरेलानेच कमी झाला. त्यातील लॉरिक आम्लाचा रेणू लहान व सरळ असल्याने तो केसाच्या आत शिरतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. संशोधन खोबरेल विकणाऱ्या कंपनीचे आहे, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. माझा अनुभव मात्र त्याला अनुकूल आहे. हे तेल चोवीस अंशांच्या खाली थिजते, म्हणून येथे ते वर्षातील बहुतेक काळ घट्टच राहते. त्यात भेसळीचा संशय नको. बाटली कोमट पाण्यात ठेवावी.

केस गळू लागले की येथील आपली मंडळी पाण्याला दोष देतात. येथील नळाच्या पाण्यात क्लोरीन नसते, आणि पाण्याचा जडपणा फिटेन्स या पाणीपुरवठा कंपनीकडून आपल्या पोस्टकोडावरून कळतो. जड पाण्यात साबणाचा साका केसांवर बसतो, शाम्पूचा तसा बसत नाही. एवढा फरक जाणून वडीवरून बाटलीवर यावे. ज्वर, बाळंतपण किंवा मोठा मनस्ताप यांनंतर दोनतीन महिन्यांनी होणारी गळती बहुधा आपोआप थांबते, तिच्यासाठी महागडी तेले घेत सुटू नये. आणि ती न थांबल्यास ड्रोगिस्टकडे न जाता डॉक्टरांकडे जावे.

भारतातून टपालाने माल मागवणाऱ्यांनी हेही जाणावे, की २२ युरोंपर्यंतच्या मालाला असलेली करमाफी १ जुलै २०२१ पासून रद्द झाली आहे, आणि स्वस्त वाटलेली बाटली दारी येईपर्यंत स्वस्त राहत नाही.

माझ्या त्या पुडीवर नाव नव्हते, सबब दाद मागण्यास प्रतिपक्षच उरला नाही. नाव असलेल्या वस्तूने अपाय केला, तर अन्न व ग्राहकवस्तूंवर देखरेख ठेवणाऱ्या एनव्हीडब्ल्यूए या सरकारी खात्याकडे तक्रार नोंदवता येते; त्याचे मुख्य दफ्तर याच शहरात, काथारायनेसिंगलवर आहे. माझ्या मराठी भगिनींना विनंती एवढीच, की अंगावर पुरळ दिसताच वापर थांबवा, पण डबी आणि तिचे वेष्टन फेकू नका. डॉक्टरांकडे जाताना दोन्ही बरोबर घेऊन जा.