मोठ्या पडद्याचा टीव्ही : आधी फूटपट्टी, मग भिंत, शेवटी पाकीट

चिपळूणच्या बाजारात टीव्ही घ्यायला गेलेला माणूस प्रथम किंमत विचारतो, मग कंपनी विचारतो आणि घरी आल्यावर जागा शोधू लागतो. खरे तर हा क्रम उलटा हवा. आधी जागा मोजावी, नंतर भिंत तपासावी आणि त्यानंतर दुकानात पाऊल टाकावे. टीव्ही आता केवळ करमणुकीची वस्तू राहिलेली नाही. कापड दुकानात माल दाखवायला, हॉटेलात गिऱ्हाइकासाठी आणि गल्ल्यामागे कॅमेऱ्याचे चित्र पाहायला तो लागतो. तो बसवून देणे हाही आपल्या अनेक कारागीर बंधूंचा रोजगार आहे. म्हणून हा धडा घेणाऱ्यासाठी आहे, तसाच बसवणाऱ्यासाठीही आहे.

इंच म्हणजे काय?

टीव्हीचा इंच हा पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत मोजतात. जुन्या डबा टीव्हीचा आकार चारास तीन असा होता. आताचा रुंद पडदा सोळास नऊ असतो. त्यामुळे इंच वाढले तरी उंची वाढतेच असे नाही. जुन्या २९ इंची पडद्याची उंची हिशेबाने १७.४ इंच येते, तर नव्या ३२ इंचीची फक्त १५.७ इंच. म्हणजे २९ इंची काढून ३२ इंची आणणाऱ्याला चित्र लहान झाल्यासारखे वाटते, आणि ते खरेच असते. जुन्याइतकी उंची हवी असेल तर किमान ३६ इंच लागतात, म्हणजे व्यवहारात ४० किंवा ४३ इंची संच घ्यावा.

जागा मोजताना हे आकडे जवळ ठेवावेत. ४३ इंची पडदा सुमारे साडेसदतीस इंच रुंद आणि २१ इंच उंच असतो. ५५ इंची पडदा ४८ इंच रुंद व २७ इंच उंच असतो. ६५ इंची पडद्याची रुंदी ५७ इंचांच्या जवळ जाते. कडेची चौकट यात धरलेली नाही. जुन्या शोकेसच्या खणात नवा संच बसेल का, याचे उत्तर दुकानात नाही, आपल्या टेपमध्ये आहे.

बसण्याचे अंतर

एक सोपा हिशेब आहे. बसण्याच्या जागेपासून पडद्यापर्यंतचे अंतर इंचांत मोजा आणि त्याला १.६ ने भागा. अंतर ८ फूट, म्हणजे ९६ इंच असेल तर उत्तर ६० येते. चित्र बारीक असेल, म्हणजे फोर के किंवा चांगले फुल एचडी असेल, तर या अंतरावर ५५ इंची संच शोभतो. पण घरात बहुतेक वेळ साध्या प्रतीच्या वाहिन्या चालत असतील तर १.६ ऐवजी २ ने भागावे. तेव्हा उत्तर ४८ येते आणि ४३ इंची संच पुरतो. कारण साध्या वाहिनीचे चित्र मुळात थोड्या ठिपक्यांचे असते. मोठ्या पडद्यावर ते ताणले की धूसर दिसते आणि दोष मात्र टीव्हीला लागतो.

ठिपक्यांचा हिशेब असा आहे : एचडी रेडी १३६६ गुणिले ७६८, फुल एचडी १९२० गुणिले १०८० आणि फोर के ३८४० गुणिले २१६०. फोर के मध्ये फुल एचडीच्या चौपट ठिपके असतात. पण त्याचा उपयोग पडदा मोठा असेल, अंतर कमी असेल आणि येणारे चित्रही त्या प्रतीचे असेल तरच. दुकानात नेहमी कंपनीची उत्तम चित्रफीत लावलेली असते. ती बंद करायला सांगून आपण घरी पाहतो तीच वाहिनी लावून बघावी. आवाजही ऐकावा. पातळ संचाचे स्पीकर बहुधा खाली किंवा मागे तोंड करून असतात.

बिल आणि कर

३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवर पूर्वी २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला. ३२ इंचांपर्यंतच्या संचांवर १ जानेवारी २०१९ पासूनच १८ टक्के आहे. ज्या संचाची करापूर्वीची किंमत ३०,००० रुपये आहे तो पूर्वी ३८,४०० ला पडत होता, आता ३५,४०० ला पडतो. जुन्या किमतीवर ‘खास सूट’ सांगणाऱ्याला हा हिशेब दाखवावा.

नोंदणीकृत व्यापाऱ्याने संच दुकानाच्या कामासाठी घेतला तर भरलेल्या कराची वजावट मिळू शकते. त्यासाठी बिलावर आपल्या दुकानाचा जीएसटी क्रमांक हवा. कॉम्पोझिशन योजनेत असलेल्यांना ही वजावट नाही. दुकानाच्या नावाने घेऊन घरी लावलेल्या संचावर वजावट घेणे नियमात बसत नाही. कराची वजावट घेतली तर त्या रकमेवर घसारा धरता येत नाही, हे आपल्या हिशेबनिसाला सांगून ठेवावे.

आणखी एक खबरदारी. घरगुती टीव्हीच्या हमीपत्रात ‘व्यापारी वापराला हमी लागू नाही’ असे कलम पुष्कळदा असते. रोज दहा-बारा तास संच चालवणाऱ्या दुकानदाराने ते आधी वाचावे. ज्या पडद्यावर दिवसभर तेच ते स्थिर चित्र राहणार, तिथे ओएलईडी प्रकार टाळावा. त्यावर चित्राचा कायमचा डाग उमटू शकतो.

‘बिनव्याजी हप्ता’ हा शब्द ऐकून अनेकजण निश्चिंत होतात. शून्य टक्के व्याज अशी काही चीजच नसते, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावले होते. व्याज बहुधा सुटलेल्या सवलतीत किंवा प्रक्रिया शुल्कात दडलेले असते. दुकानदाराला एकच प्रश्न विचारावा : रोख दिले तर किती? रोख किंमत आणि हप्त्यांची बेरीज यांतला फरक म्हणजे त्या उधारीची किंमत. ज्यांना व्याजापासून दूर राहायचे आहे त्यांनी तर हा प्रश्न विचारल्याशिवाय सही करू नये.

आखातातून आणावा का?

गोवळकोट, मिरजोळी, कालुस्ते या बाजूला घराघरांतून आखाताशी संबंध आहे. एकेकाळी तिकडून टीव्ही आणणे फायद्याचे होते. ऑगस्ट २०१३ मध्ये सरकारने सपाट पडद्याच्या टीव्हीवरची प्रवासी सामानाची करसवलत काढून घेतली. त्या वेळी जकात सुमारे ३६ टक्के बसत होती. आजचा दर विचारल्याशिवाय खोके बांधू नये. शिवाय तिकडची हमी इकडे चालेल असे गृहीत धरू नये. पॅनेल फुटले तर तो संच भंगारच समजावा.

जांभ्याची भिंत

आता कारागिराचे काम. आपल्याकडची जुनी घरे जांभ्या चिऱ्याची आहेत. जांभा मऊ आणि सच्छिद्र असतो. विटेच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत जी आखूड गट्टी पक्की बसते ती जांभ्यात कालांतराने सैल होते. म्हणून भोक दोन चिऱ्यांच्या सांध्यात न पाडता चिऱ्याच्या पोटात पाडावे. ड्रिलचा ठोका बंद ठेवून पाडावे, नाहीतर भोक फाकते. गिलाव्याची जाडी सोडून किमान तीन इंच गट्टी चिऱ्यात जायला हवी. भोकातली भुकटी फुंकून काढावी. शंका असेल तर आधी जाड सागवानी फळी सहा ठिकाणी घट्ट बसवावी आणि ब्रॅकेट त्या फळीवर लावावे. संच टांगण्यापूर्वी ब्रॅकेटला स्वतः जोर लावून ओढून पाहावे. ते हलले तर काम पुन्हा करावे.

पावसाचा मारा खाणारी बाहेरची भिंत टाळावी. जांभा ओल आत खेचतो आणि ती संचाच्या पाठीला बाधते. मागच्या भोकांचे अंतर मिलिमीटरमध्ये दिलेले असते. त्याच मापाचे ब्रॅकेट घ्यावे. स्क्रू गरजेपेक्षा लांब असला तर आत पॅनेलला टोचतो. घरात पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर, म्हणजे जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर असावा. दुकानात उंच लावला तर पुढे झुकवावा.

वीज

आधुनिक संच कमी-जास्त व्होल्टेज बऱ्यापैकी सोसतो. संचाच्या पाठीवर त्याची मर्यादा छापलेली असते. खरी भीती दोन गोष्टींची आहे. पहिली वीज कडाडण्याची. तिचा झटका डिशच्या वायरमधूनही येतो, म्हणून मे-जून आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात प्लग आणि डिशची वायर दोन्ही काढावीत. दुसरी न्यूट्रल तुटण्याची. तेव्हा २३० व्होल्टच्या जागी चारशेच्या आसपास दाब येऊ शकतो. साधा स्पाइक गार्ड क्षणाचा झटका अडवतो, हा सतत चढलेला दाब अडवत नाही. त्यासाठी दाब वाढताच पुरवठा तोडणारा स्टॅबिलायझर लागतो. आणि अर्थिंग नसेल तर स्पाइक गार्डचे कामही अपुरे राहते. कारागिराने प्रथम अर्थिंग तपासावे, मग टीव्हीचे खोके उघडावे.

चित्र लावताना ‘डायनॅमिक’ किंवा ‘व्हिविड’ काढून ‘स्टँडर्ड’ किंवा ‘सिनेमा’ ठेवावे. डोळ्यांना आराम पडतो आणि वीजही वाचते. चेहरे जाड दिसत असतील तर जुने चौकोनी चित्र ताणले जात आहे असे समजावे. चित्राचा आकार ‘ऑटो’ किंवा ‘चारास तीन’ करावा.

पुराचा धडा

२६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ या तारखा चिपळूणकर विसरणार नाही. २०२१ ला वाशिष्ठी आणि शिवनदीचे पाणी बाजारपेठेत शिरले आणि तळमजल्यांतला माल गेला. पक्का ठोकलेला टीव्ही त्या घाईत कोण उतरवणार? म्हणून आपल्या गावात संच पक्का लावावा, पण उतरवता येईल असा लावावा. वर उचलून निघणारे ब्रॅकेट घ्यावे. वायरी गिलाव्यात गाडू नयेत, हात-दीड हात मोकळ्या ठेवाव्यात. खोके व थर्माकोल माळ्यावर जपावेत. पावसाळ्यापूर्वी घरातल्या दोघांनी एकदा संच उतरवून वर नेऊन पाहावा. दहा मिनिटांचा हा सराव हजारोंचे नुकसान वाचवतो.

पाण्यात गेलेला संच वाळला म्हणून लगेच चालू करू नये. तो आधी कारागिराकडून उघडून साफ करून घ्यावा. बिल, अनुक्रमांकाचा फोटो आणि विम्याचा कागद मोबाइलवर काढून दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडेही पाठवून ठेवावा. १ एप्रिल २०२१ पासून घरासाठी ‘भारत गृह रक्षा’ आणि लहान धंद्यासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ या ठरावीक पॉलिसी आल्या आहेत. त्यांत पुराचे संरक्षण आहे. आपल्या पॉलिसीत सामान किती रकमेचे धरले आहे ते मात्र विचारून घ्यावे.

जुना डबा टीव्ही फोडून तांबे काढण्याचा मोह टाळावा. त्याच्या काचेत शिसे असते. तो अधिकृत ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यावा.

थोडक्यात : अंतर मोजा, नेहमीची वाहिनी लावून पाहा, रोख किंमत विचारा, बिलावर क्रमांक घ्या, चिऱ्याच्या पोटात गट्टी ठोका, अर्थिंग तपासा आणि पाऊस येण्याआधी संच एकदा उतरवून बघा. एवढे केले तर कष्टाचा पैसा कारणी लागेल.