मुलांचे वजन आणि धडाचे बळ

इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर शेठ वालचंद हिराचंद यांनी १९३० नंतरच्या दशकात साखर कारखाना उभारला आणि त्याभोवती वालचंदनगर वसले. नीरा डाव्या कालव्याने हा परिसर उसाचा झाला. त्यामुळे येथील शाळांतून कामगारांची व बागायतदारांची मुले तर असतातच, पण गळीत हंगामात बीड, अहिल्यानगरकडून येणाऱ्या ऊसतोड मजुरांची मुलेही परिसरात राहावयास येतात. एकाच वयाच्या या मुलांच्या अंगकाठीत कधी कधी मोठी तफावत आढळते.

नुसत्या वजनावरून मुलाची प्रकृती ठरविता येत नाही. किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता शरीरभारांक मिळतो. मुलांच्या बाबतीत तो वय व लिंग पाहूनच वाचावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या तक्त्यानुसार दहा वर्षांच्या मुलाचा मध्यम अंक सुमारे १६.४ आहे, प्रौढाच्या मोजपट्टीने मात्र तोच कृश ठरेल. देशात २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या व्यापक पोषण पाहणीत १० ते १९ वर्षांच्या सुमारे २४ टक्के मुलामुलींत कृशता, तर सुमारे ५ टक्क्यांत अतिरिक्त वजन आढळले. दोन्ही प्रश्न आता एकाच वर्गात नांदत आहेत.

पोट, कंबर व पाठ यांचे स्नायू मिळून धडाचा आधार होतो. ताठ बसणे, दप्तर उचलणे, धावताना तोल राखणे ही कामे त्यांचीच. ‘खेलो इंडिया’च्या शालेय चाचणीत हे बळ पाहण्यासाठी मुलाला उताणे निजवून, गुडघे वाकवून, डोके व खांदे उचलावयास सांगतात आणि तीस सेकंदांतील उठाव मोजतात. येथे वजनाचा संबंध येतो. स्थूल मुलाला स्वतःच्याच धडाचा अधिक भार उचलावा लागतो, म्हणून त्याचे उठाव कमी पडतात; पण गोळाफेकीत तोच पुढे जाईल. त्याला दुबळा म्हणणे अन्यायाचे होय. उलट कृश मुलाला उचलावयाचा भार थोडा असला, तरी पुरेशा अन्नाअभावी स्नायूच भरलेले नसतात. दोघांचे उठाव सारखे आले, तरी उपाय निराळे: एकास रोजची हालचाल व आहारातील तळलेल्या-गोड पदार्थांना आळा, दुसऱ्यास आधी डाळ, उसळ, दूध, अंडी. उपाशीपोटी व्यायामाचा आग्रह धरण्यात शहाणपण नाही.

महाराष्ट्राला ही विद्या नवी नाही. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवजीवन दिले. त्यात शरीर स्वतःचेच वजन पेलते. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार रुजविले. साहित्य लागत नाही, पटांगणाचा कोपरा पुरतो. स्थूल मुलाने थोड्या नमस्कारांनी, सावकाश आरंभ करावा. दम कोंडून घेऊ नये.

दप्तराचाही विचार व्हावा. राज्य शासनाने २०१५ मध्ये दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत मर्यादित केले. २२ किलोच्या मुलास म्हणजे २.२ किलोच. वर्गातील सर्वांची पुस्तके सारखीच असल्याने ही मर्यादा कृश मुलाच्या बाबतीतच प्रथम ओलांडली जाते.

वजन व उठाव यांची नोंद शिक्षकांनी वर्गासमोर मोठ्याने वाचू नये. ती पालकांना स्वतंत्रपणे सांगावी. हंगाम संपताच परतणाऱ्या मुलाची नोंद त्याच्याबरोबर गावच्या शाळेत गेली, तर तेथील शिक्षकास काट्यापासून पुन्हा आरंभ करावा लागणार नाही.