पाच जणांच्या घराला डिझेल की पेट्रोल?

प्रश्न : घरात आम्ही पाच जण, त्यात सासूबाईंचे गुडघे दुखतात. रोज ऑफिसला जाऊन-येऊन दहा किलोमीटर, महिन्यातून एकदा आंबोली घाटाने सावंतवाडी. चार मीटरच्या आतली डिझेल एसयूव्ही घ्यावी का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : एवढ्याशा वापराला डिझेल नको. बीएस-६ डिझेल गाडीत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जळायला गाडी बराच वेळ सलग पळावी लागते. शहरातल्या छोट्या फेऱ्यांत ते होत नाही, फिल्टर तुंबतो. महिन्याच्या एका घाटवारीवर विसंबू नका. टर्बो पेट्रोल घ्या, भरल्या गाडीनं चढ चढताना त्याची ओढ जाणवते. मायलेज जरा कमी मिळेल, ते सोसा.

कर मात्र नीट बघा. सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला १८ टक्के जीएसटी आहे, त्यापुढे ४०. त्यामुळे लांबी सारखीच असून १४६२ सीसीच्या ब्रेझाला ४० टक्के आणि ११९९ सीसीच्या नेक्सॉनला १८.

सनरूफचं तुम्ही विचारलं नाहीत, बरं केलंत! टेस्ट ड्राइव्हला सासूबाईंना न्या आणि मागे तिघांना बसवा. मधल्याला अंग चोरून बसावं लागलं, तर दुसरी गाडी बघा.