एका हाताने कळफलक

प्रश्न : अर्धांगवायूनंतर माझा डावा हात निकामी झाला. हिशेब संगणकावर लिहितो. पण दोन कळा एकदम दाबताना अडतो. काही इलाज आहे का?

उत्तर : इलाज विंडोजमध्ये 1995 सालापासून मौजूद आहे, मात्र ज्यांना त्याची निकड, त्यांनाच त्याची वार्ता बहुधा नसते, हे खेदाने नमूद करावे लागते. शिफ्टची कळ लागोपाठ पाच वेळा दाबली, की ‘स्टिकी कीज’ सुरू करावी काय, अशी पृच्छा करणारी चौकट पडद्यावर उमटते, आणि तिला रुकार दिल्यावर कंट्रोल दाबून सोडावी, बोट सावकाश उचलून ‘एस’वर न्यावे, तरी दोन्ही कळा एकसमयी दाबल्याप्रमाणेच हिशेब जतन होतो. कंट्रोल दोनदा दाबल्यास ती दाबलेलीच राहते. तिसऱ्यांदा दाबली, की मोकळी होते. घरातील कोणी धडधाकट मनुष्य त्याच संगणकावर बसून कंट्रोलसह दुसरी कळ एकदम दाबील, तर ही सोय (आपल्याला न विचारता!) बहुधा बंद होते, ती अट सेटिंग्जमध्ये जाऊन काढून टाकावी. उजवी शिफ्ट मात्र आठ सेकंद दाबून धरू नये. त्याने ‘फिल्टर कीज’ नामक निराळीच व्यवस्था जागी होते. ती थरथरत्या हातांसाठी आहे, आपल्यासाठी नव्हे.