वाढीव मोबदला आणि वकिलाचं नाव

भंडाऱ्यात वकिली करणाऱ्याने कुठल्या कामात मुरायचं, हे बरंचसं जिल्हाच ठरवतो. वैनगंगेवर धरण झालं, म्हणून भूसंपादन. नागपूर-रायपूर महामार्ग भंडारा, लाखनी, साकोलीवरून जातो, म्हणून अपघाताचे दावे. तुमसरकडे मँगनीजच्या खाणी, वरठीला पोलादाचा कारखाना, जवाहरनगरला आयुध निर्माणी, म्हणून कामगारांची प्रकरणं. आणि सगळीकडे धानाच्या बांध्या, म्हणून वाटणी, धुरा, वहिवाट. नवी मुलं सनद घेऊन आमच्या कार्यालयात येतात आणि विचारतात, इथं वकिलाचं नाव कसं होतं? त्यांना मी जे सांगत आलो, ते इथं लिहून काढतो.

१. पावतीवरची ओळ आधी वाचा.

वैनगंगेवरच्या या गोसीखुर्द प्रकल्पाचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते झालं. पुढे पवनी आणि भंडारा तालुक्यातली गावंच्या गावं बुडिताखाली गेली. यातलं बरंचसं संपादन १८९४ च्या जुन्या भूसंपादन कायद्याखाली झालं. निवाडा आला, पैसे मिळाले, शेतकऱ्याने सही केली. वाढीव मोबदल्यासाठी कलम १८ चा अर्ज करायचा, तर त्या सहीच्या वर 'हरकत राखून रक्कम स्वीकारली' अशा अर्थाचं काही लिहिलंय का, हा पहिला प्रश्न. ते नसेल तर कलम ३१ आडवं येतं. मुदतही कडक. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर सहा आठवडे. नसाल तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यातलं जे आधी संपेल ते.

ज्याची ही वाट बंद झाली, त्याच्यासाठी कलम २८-अ आहे. त्याच अधिसूचनेतल्या शेजाऱ्याला कोर्टाने वाढ दिली, तर त्या निकालापासून तीन महिन्यांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करून तेवढीच वाढ मागता येते. नकल मिळायला लागलेले दिवस त्या तीन महिन्यांतून वजा होतात. म्हणून एका गावातलं एक प्रकरण जिंकलं की त्याच आठवड्यात गावात निरोप गेला पाहिजे. ज्यांनी आपल्याला वकीलपत्र दिलेलं नाही, त्यांनाही. माझ्या मते जिल्ह्यात वकिलाचं नाव होतं ते या निरोपामुळे, निकालाच्या बातमीने नाही.

२. संयुक्त मोजणीच्या दिवशी शेतात उभे राहा.

कोर्टातला युक्तिवाद पुढची गोष्ट. मोजणी अहवालात जे उतरलं नाही, ते नंतर सिद्ध करता करता दमछाक होते. विहीर, बोअर, आंबा, मोहाची झाडं, बांधीला तलावाचं पाणी येतं की नाही, हे त्या दिवशी नोंदलं जातं किंवा सुटून जातं. जमीन कोरडवाहू की ओलिताची, यावर दर ठरतो आणि सातबाऱ्यावरची पीकपाण्याची नोंद पुष्कळदा वर्षानुवर्षं तीच उतरवलेली असते.

पवनी तालुक्यातल्या एका बाईंनी माझ्यासमोर प्लास्टिकच्या थैलीतून कागदांचा गठ्ठा काढला होता. मोटारपंपाची विजेची बिलं, सोसायटीचं कर्जखातं, धान विकल्याच्या काटापट्ट्या, सगळं वर्षवार लावलेलं. "आमच्या मालकानं फेकू नाही देल्लं जी," एवढंच म्हणाल्या. उन्हाळी धानाच्या काटापट्टीने ओलित सिद्ध होतं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. त्या प्रकरणात माझ्या उलटतपासणीपेक्षा ती थैली जास्त बोलली. तेव्हापासून पक्षकार पहिल्यांदा आला की मी आधी घरातले कागद मागतो, हकिकत नंतर ऐकतो.

३. टक्केवारी घेऊ नका.

यावर मला सविस्तर बोलायचं आहे, कारण यात शेतकरी सर्वांत जास्त नागवला जातो. निकालावर अवलंबून फी ठरवायची नाही, मिळणाऱ्या रकमेत वाटा मागायचा नाही, असा भारतीय विधिज्ञ परिषदेचा स्पष्ट नियम आहे. तरी 'आता काही देऊ नका, मिळाल्यावर इतके टक्के द्या' हा व्यवहार खेड्यापाड्यांत चालतो. पैसा नसलेल्याला ते सोयीचंही वाटतं.

पण वाढीव मोबदल्याची रक्कम बनते कशी, ते बघा. जुन्या कायद्यात बाजारभावावर ३० टक्के दिलासा रक्कम, अधिसूचनेपासून वर्षाला १२ टक्के अतिरिक्त रक्कम, आणि वाढीव रकमेवर ताबा घेतल्यापासून पहिल्या वर्षी ९ टक्के, पुढे १५ टक्के व्याज. प्रकरण दहा-पंधरा वर्षं चाललं की व्याज मुद्दलाच्या पुढे निघून जातं. हे व्याज म्हणजे शेतकऱ्याने जमिनीविना काढलेल्या वर्षांची भरपाई. टक्केवारी घेणारा वकील त्या वर्षांत वाटा मागतो आणि प्रकरण जितकं लांबेल तितका त्याचा वाटा वाढतो. असला करार ज्याने केला, त्याने तारीख वाढवून मागितली तर पक्षकाराने काय समजायचं? फी ठरावीक घ्या, हप्त्याने घ्या, कमी घ्या, पण पावती द्या.

४. बहिणींशी वेगळं बोला.

मोबदल्याची नोटीस आली की भाऊ बहिणींना बोलावून घेतात. हक्कसोडपत्र तयार असतं, साडीचोळी झालेली असते. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आणि विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मतःच असल्याचं सांगितलं, वडील हयात असोत वा नसोत. हे सांगायला मी बहिणीला एकटीला बसवतो. भाऊ रागावतात, काही जण दुसऱ्या वकिलाकडे जातात. जाऊ द्यावं. बहुतेक बहिणी सगळं ऐकूनही सही करतात, माहेर तुटू नये म्हणून. तो त्यांचा निर्णय. पण मुलांच्या शिक्षणासाठी आपला हिस्सा ठेवून घेतलेल्या बहिणीही मी पाहिल्या आहेत, आणि त्यांचं माहेर तुटलं नाही.

५. जुने कागद वाचायला शिका.

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत भंडारा मध्य प्रदेशात होता. मालगुजारी गेली ती ३१ मार्च १९५१ ला, मध्य प्रदेशच्या कायद्याने. तलावाचं पाणी कुणाच्या बांधीला, गुरं कुठे चरायची, सरपण कुठून आणायचं, हे निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांत लिहिलेलं आहे. पश्चिम महाराष्ट्रातून आलेल्या चांगल्या वकिलालाही हे शब्द नवे वाटतात. मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पोटात अतिक्रमण झालं आणि खालच्या शेतकऱ्याचं पाणी तुटलं, तर सातबारा पुरत नाही, हे कागद शोधावे लागतात. सरकारी नोंदीत 'झुडपी जंगल' असलेल्या जमिनीचंही तसंच. ही जमीन वनच आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ ला सांगितलं. १२ डिसेंबर १९९६ पूर्वीच्या वाटपांना नियमित होण्याची वाट ठेवली. ज्याचं घर अशा जमिनीवर आहे, त्याच्यासाठी वाटपाच्या तारखेचा एक जुना कागद म्हणजे सगळं काही.

६. अपघाताचा दावा गावाजवळ लावा.

आपली पोरं कामाला पुणे-हैदराबादला जातात, तिकडे अपघात होतो आणि घरच्यांना वाटतं दावाही तिकडेच लावावा लागेल. तसं नाही. वारस जिथे राहतात, तिथल्या न्यायाधिकरणातही तो लावता येतो. १ एप्रिल २०२२ पासून या दाव्याला अपघाताच्या दिवसापासून सहा महिन्यांची मुदत आली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, त्या भरवशावर मात्र राहू नये. तेरवी आटोपली की कागद गोळा करायला लागा.

७. फौजदारीत पहिल्या आठवड्याला जपा.

२९ सप्टेंबर २००६ ला मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत भोतमांगे या दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. जुलै २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी पंचवीस वर्षांची शिक्षा केली. ॲट्रॉसिटी कायद्याखालचे आरोप मात्र दोन्हीकडे टिकले नाहीत. या जिल्ह्यातल्या वकिलाला ही गोष्ट मनातून काढता येत नाही आणि काढूही नये. जातीचा द्वेष सगळ्या गावाला दिसत असतो, पण तो जबाबात उतरावा लागतो, पंचनाम्यात यावा लागतो, आणि ते पहिल्या काही दिवसांतच होतं. अशा घटनेत फिर्यादीला ठाण्यात एकटं पाठवू नका. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि कुठल्याही स्त्रीला उत्पन्न न बघता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. ते कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं.

८. फाइल मागितली की द्या.

वकिलाला जाहिरात करायची मुभा नाही, पाटीही बेताच्या आकाराची लागते. त्यामुळे पक्षकार आपल्याकडून काय घेऊन बाहेर पडतो, तेच गावात फिरतं. फी राहिली म्हणून कागद अडवून धरण्याचा हक्क वकिलाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये आर. डी. सक्सेना प्रकरणात सांगितलं. आमच्याकडून कुणी फाइल नेली, तर आम्ही वर एक कागद लावतो: पुढची तारीख, कोर्टाचं नाव, कुठल्या नकलेसाठी अर्ज केलाय, कुठली मुदत कधी संपते. राहिलेली फी त्या कागदावर लिहीत नाही. ती वेगळ्या पत्राने मागतो.