पडसं नाकात, पाणी छातीत

जूनचा दुसरा आठवडा, पावसाची झड लागलेली. नातीने शाळेतून पडसं आणलं आणि घरभर वाटलं. बाकीचे चार दिवसांत हिंडू-फिरू लागले. मी सहाव्या रात्री पाठीशी तीन उशा लावून बसून होतो, कारण आडवं झालं की जीव गुदमरायचा.

2019 मध्ये मला अटॅक आला होता. दोन स्टेंट टाकले, आणि इकोत पंपिंग 35 टक्के निघालं. उभा जन्म एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेल्यामुळे पंप कमजोर असला की गाडी घाटात दम टाकते, हे मला कुणी सांगायला नको. ताप हाही घाटच, एवढं मात्र सुचलं नाही. अंगातला ताप एक अंश सेल्सिअसने चढला की ठोके मिनिटाला साधारण दहाने वाढतात. माझ्या हृदयाला ते झेपेना आणि फुप्फुसांत पाणी साठत गेलं.

त्या पाण्याला मी हातभारही लावला. दिवसाला दीड लिटरच्या वर पाणी नको, असं डॉक्टरांनी बजावलेलं; पण तापात भरपूर प्यावं म्हणून तांब्यामागून तांब्या रिचवला. तोंडाला चव नव्हती, तेव्हा मऊ भाताबरोबर लिंबाचं लोणचं आणि भाजलेला पापड. मीठ पोटात गेलं की पाणी अंगात अडतं. शेजारच्या वहिनींनी मायेने ज्येष्ठमधाचा काढा पाठवला, तो तीन वेळा. ज्येष्ठमधही मीठ-पाणी अडवतं, वर पोटॅशियम उतरवतं, आणि माझी तर लघवीची गोळी चालू! मेडिकलमधून आणलेली अंगदुखीची गोळी डायक्लोफेनॅकची होती. तिनेही अंगात पाणी साठतं. नाक मोकळं करणाऱ्या गोळीत फिनाइलएफ्रिन, म्हणजे रक्तदाब वर. दुकानदाराला काय बोलणार? स्टेंटचं मी त्याला सांगितलंच नव्हतं.

कॅज्युअल्टीत वजन भरलं 67 किलो. महिन्यापूर्वी 63.5 होतं. “जेवण जात नाही म्हणता, मग साडेतीन किलो आले कुठून?” असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तेव्हा कुठे घोट्यावरचे मोज्यांचे वळ मला दिसले. तपासणीत इन्फ्लुएन्झा ए निघाला. त्याचं औषध पहिल्या 48 तासांत चांगलं लागू पडतं. मला उशिराच सुरू झालं. पाच दिवस ऑक्सिजन आणि लघवीची इंजेक्शनं.

घरात स्टेंटचं, बायपासचं किंवा कमी पंपिंगचं माणूस असेल, तर त्याच्या पडशात नाकापेक्षा वजनकाट्यावर लक्ष ठेवा. सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी वजन करायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले, पाय सुजले किंवा उशी वाढवावी लागली, की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. धाप लागली तर फोनही नको, थेट दवाखाना. तापाला पॅरासिटामॉल चालतं. बाकी गोळी घेण्याआधी काउंटरवर हृदयविकाराचं नाव घ्या. आणि तापात गोळ्या उष्ण पडतात म्हणून अ‍ॅस्पिरिन, स्टॅटिन आपल्या मनाने बंद करू नका. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताचा 2018 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे: फ्लूचं निदान झाल्यावर पहिल्या सात दिवसांत अटॅकचं प्रमाण एरवीच्या सहा पट. त्या आठवड्यात छाती किंवा जबडा दुखला, दरदरून घाम आला, तर तो तापाचा अशक्तपणा समजून पडून राहू नका.

फ्लूची लस दरवर्षी, पावसाळ्याच्या तोंडावर घ्यायची असते. मला ती प्रत्येक तपासणीला सांगितली जायची. ‘करोनाची घेतलीय की’ म्हणत मी टाळत आलो. त्या दुखण्यानंतर मात्र यंदा मे महिन्यातच घेतली.

काटा आता न्हाणीच्या दाराशी आहे, आकडा नात कॅलेंडरवर लिहिते. गेल्या मंगळवारी 65.4 लिहिलं आणि तिनेच आजीला हाक मारली. दुपारी डॉक्टरांना फोन झाला, त्यांनी लघवीची गोळी तीन दिवस वाढवली. शुक्रवारी 63.8.