आधी हात मागे घे

अगं, काल रात्री फोन ठेवल्यावर मला बराच वेळ झोप लागली नाही. "ताई, डबा सुरूच होत नाहीये, बाळाचे सगळे फोटो गेले," असं तू म्हणालीस ना, तो आवाज माझ्या ओळखीचा आहे. एकदा माझाही तसाच झाला होता. फरक एवढाच की मी तेव्हा कुणाला फोन केला नाही.

फोनवर तुला धीर दिला, पण नुसत्या धीराने काय होतं? काय करायचं ते कळायला हवं, म्हणून सकाळी सगळे बाहेर पडल्यावर हे लिहायला बसले. सावकाश वाच. आणि वाचून होईपर्यंत त्या डब्याला हात लावू नकोस. बटण पुन्हा पुन्हा दाबायचं नाही, डिस्क ओढून काढायची नाही. भिंतीवरचा स्विच बंद करून ठेव, एवढंच.

पहिली गोष्ट. डबा सुरू न होणं आणि फोटो जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कपाटाचं कुलूप अडकलं म्हणून आतल्या पैठण्या गेल्या, असं आपण म्हणतो का? तुझ्या घरचा डबा म्हणजे फोटो साठवायला लावलेला जुना ऑफिसचा डेस्कटॉप. त्याला चालवणारी सिस्टीम एका पेनड्राइव्हवर आहे आणि फोटो आहेत दोन मोठ्या हार्ड डिस्कवर. पेनड्राइव्ह मेला, बॅटरी संपली, एखादी केबल सैल झाली, तरी डबा उठत नाही. पण डिस्कवरचं सगळं जागच्या जागी असतं. अशा वेळी फोटो बहुतेकदा यंत्र बिघडल्यामुळे जात नाहीत, घाबरलेल्या माणसाच्या हातून जातात.

हे मला कसं कळलं ते आता सांगते. तुला हे कधी बोलले नव्हते.

१ जून २०२१ पासून गूगल फोटोंची मोफत अमर्याद साठवण बंद झाली आणि नवं चढवलेलं सगळं त्या पंधरा जीबीत मोजलं जाऊ लागलं, आठवतं? तेव्हाच मी दोन डिस्कचा तयार डबा घेतला. दोन्ही डिस्कवर तेच ते लिहिलं जातं, म्हणून मी निर्धास्त होते. त्यातली एक डिस्क कित्येक महिने आजारी होती, डबा तसं सांगतही असणार, पण इशाऱ्याचा ईमेल मी कधी लावूनच घेतला नव्हता. एका पावसाळी रात्री लाइट चार-पाच वेळा आले-गेले आणि डबा बंद पडला. मी काय केलं? चांगली डिस्क काढली आणि लॅपटॉपला जोडली. विंडोजला त्या डिस्कवरची लिनक्सची मांडणी वाचताच येत नाही, म्हणून ती सरळ विचारते, 'वापरण्याआधी डिस्क फॉरमॅट करायची का?' रात्रीचा दीड वाजला होता. मी 'हो' म्हटलं. तिथेही थांबले असते तर बरंचसं परत मिळालं असतं, कारण झटपट फॉरमॅटमध्ये बहुधा नुसती अनुक्रमणिका पुसली जाते, पानं तशीच राहतात. पण मी घाबरून त्याच डिस्कवर आजारी डिस्कमधलं कॉपी करायला लागले. जुन्या पानांवर नवीन लिहिलं गेलं आणि आजारी डिस्क मध्येच थांबली. फोटो साधारण निम्मे मिळाले. आजीच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग मिळालं नाही. तुला वाटतं ते माझ्याकडे जपून ठेवलंय. नाहीये गं.

म्हणून तुला बजावतेय. लॅपटॉपच्या पडद्यावर 'फॉरमॅट' किंवा 'इनिशियलाइज' असा शब्द दिसला, तर उत्तर 'नाही'. कुणीही म्हणालं तरी 'नाही'.

आता तुझ्या डब्याकडे वळू. भिंतीवरचा आणि डब्यामागचा स्विच चालू करून पुढचं बटण एकदाच दाब आणि कान दे. पंखा फिरतो का? अजिबात काही नाही, तर संशय एसएमपीएसवर, म्हणजे आतल्या वीज पुरवणाऱ्या पेटीवर. पंखा फिरतो, पण डिस्क टक-टक करून थांबतात, तरी लगेच डिस्क गेली असं समजू नकोस. मोठी डिस्क फिरायला लागताना क्षणभर बारा व्होल्टवर दोन अँपियरच्या आसपास ओढते, आणि थकलेल्या एसएमपीएसला ते झेपत नाही. आधी दुसरा एसएमपीएस लावून बघायचा. माझ्याकडे एक पडून आहे. (आणि एका वायरीच्या दोन करणारे ते स्वस्त, ओतीव प्लास्टिकचे जोड तुझ्याकडे लावलेले असतील, तर काढून टाकू. ते आतून वितळल्याची उदाहरणं आहेत.) कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात का, तेही सांग. येत असतील तर त्या प्लगचं अर्थिंग नीट नाही. आधी इलेक्ट्रिशियन, मग बाकीचं.

पंखा आणि डिस्क दोन्ही नीट फिरताहेत, पण फोनवर डबा दिसत नाही? मग हॉलमधल्या टीव्हीची एचडीएमआय केबल डब्याला लाव, एक कीबोर्ड जोड आणि काय लिहून येतं त्याचा फोटो मला पाठव. या डब्याला एरवी पडदाच नसतो, त्यामुळे तो काय म्हणतोय ते कुणी वाचतच नाही. कधीकधी तर डबा व्यवस्थित उठलेला असतो, फक्त राउटरने त्याला नवा पत्ता दिलेला असतो. राउटरच्या यादीत बघितलं की सापडतो.

तारीख चुकीची दाखवून एफ-वन दाबायला सांगत असेल, तर मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली. सीआर २०३२ म्हणायचं दुकानात, तीन व्होल्टची, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळते. पण ती संपली की बायोसच्या सेटिंग्जही पुसल्या जातात. मशीन पेनड्राइव्ह सोडून भलत्याच डिस्कवर सिस्टीम शोधत बसतं, कधी डिस्क ओळखण्याची पद्धतही बदलते. ते दोन्ही पूर्वीसारखं करायचं. डिस्कना यात काहीही झालेलं नसतं.

बूट होण्यासारखं काही सापडत नाही असं आलं, तर बहुतेक पेनड्राइव्ह गेला. तो दिवसरात्र लिहिण्यासाठी बनवलेलाच नसतो, कधीतरी जाणारच. नव्या पेनड्राइव्हवर, खरं तर छोट्या एसएसडीवर, सिस्टीम पुन्हा बसवायची आणि मग जुन्या डिस्क जोडून तिला ओळखायला सांगायचं. दोन डिस्कची जोडी कशी बांधलीय याची नोंद त्या डिस्कवरच असते. मात्र एक शपथ घे. सिस्टीम बसवताना फोटोंच्या दोन्ही डिस्कच्या केबल काढून ठेवायच्या. 'कुठल्या डिस्कवर बसवू?' या यादीत त्या दिसल्याच नाहीत, तर चुकून निवडल्याही जाणार नाहीत.

आणि दीड मिनिट नुसतं थांबून मग काळ्या पडद्यावर 'इमर्जन्सी मोड' असं आलं, तर त्या शब्दाला घाबरू नकोस. सिस्टीम उठली आहे, पण तिला सांगून ठेवलेली एक डिस्क उत्तर देत नाहीये. तुमचं सीवूड्सचं घर खाडीला लागून. त्या दमट खाऱ्या हवेत धातूचे जोड किती लवकर काळवंडतात ते तू दाराच्या कड्यांवर बघतेसच. स्विच बंद करून डिस्कच्या दोन्ही केबल काढून पुन्हा घट्ट बसवायच्या, डेटाची केबल तर नवीच घालायची.

आता डिस्कचं दुखणं कसं ओळखायचं. प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची वही ठेवते, तिला 'स्मार्ट' म्हणतात. डब्याच्या पानावर डिस्कच्या नावापुढे ती उघडते. त्यात ढीगभर ओळी असतात, तू चारच बघ. पाच क्रमांकाची म्हणजे खराब झाल्यामुळे दुसरीकडे हलवलेल्या जागा. १९७ म्हणजे वाचता न आल्यामुळे ताटकळलेल्या जागा, १९८ म्हणजे तपासणीत न वाचता आलेल्या. या तिन्हींपुढे शून्य असेल तर देवाला दिवा लाव. शून्य नसेल आणि आठवड्याभरात आकडा वाढला, तर ती डिस्क निघाली समज. १९९ ची ओळ मात्र वेगळी. ती वाढली की बहुतेक वेळा केबलचा दोष असतो, आणि लोक उगाच चांगली डिस्क फेकून देतात. सविस्तर तपासणी लावलीस तर चार टेराबाइटच्या डिस्कला सात-आठ तास लागतात, रात्री लावून झोपायचं. पण एखादी डिस्क आधीच आचके देत असेल तर तपासणी नाही, दुरुस्ती नाही, काही नाही. आधी तिच्यावरचं उतरवून घ्यायचं. त्यासाठी डीडीरेस्क्यू नावाचं मोफत साधन आहे. ते आधी सोपा भाग वाचून घेतं, अवघड जागा शेवटी ठेवतं, आणि कुठवर आलो ते लिहून ठेवतं, म्हणजे मध्ये लाइट गेले तरी पुढे चालू करता येतं.

नवी डिस्क घातल्यावर डबा विचारेल, 'जोडी पुन्हा बांधू का?' घाई नको. बांधताना उरलेली डिस्क भरभर वाचली जाते. आणि तीही त्याच दिवशी, त्याच दुकानातून आणलेली, तेवढीच थकलेली. आधी बाहेरच्या डिस्कवर कॉपी, मग बांधणी.

डिस्क खरंच आतून टक-टक करत असेल, दुसऱ्या एसएमपीएसवरही, तर बंद कर आणि पुन्हा चालू करू नकोस. आत वाचणारं टोक तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. घरी उघडलं तर धुळीचा एक कण पुरतो. फ्रीजमध्ये ठेवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नकोस. स्वच्छ खोली असलेल्या ठिकाणीच द्यायची.

आणि इथे एक गोष्ट बाईने बाईला सांगायची. डिस्क दुरुस्तीला दिलीस म्हणजे तुझं सगळं घर दिलंस. बाळाला पाजतानाचे फोटो, आईचे हॉस्पिटलचे कागद, बँकेची पत्रं. दुकानात विचारायला संकोचू नकोस: डिस्क कोण उघडणार, कॉपी कुठे ठेवणार, कधी पुसणार, लेखी द्या. एसएमपीएस बदलायला डबा द्यायचा असेल तर डिस्क काढून घरी ठेव, दुकानदाराला त्यांची गरजच नसते. मेलेली डिस्क भंगारवाल्याला द्यायची नाही. ड्रिलने आरपार दोन-तीन भोकं पाडायची, मग द्यायची. पुढचा डबा करू तेव्हा डिस्क कुलूपबंद करून ठेवू, म्हणजे किल्लीच्या शब्दांशिवाय कुणाला वाचताच येणार नाही.

त्यावरून दुसरं. काल मी पासवर्ड विचारला तर तू म्हणालीस, "यांना माहीत आहे." ते जहाजावर आहेत, आणखी चार महिने. सॅटेलाइटच्या फोनवर त्या माणसाने तुला कमांड सांगत बसायचं का? त्यांनी तो डबा प्रेमाने बांधून दिला, पण त्यात आयुष्य तुझं आणि बाळाचं आहे, तर चावी तुझ्याकडेही हवी. एक वही कर. पासवर्ड, कुलपाचे शब्द, कुठल्या खणात कुठल्या सिरीयल नंबरची डिस्क, केव्हा घेतली, वॉरंटी कधी संपते. सिस्टीमच्या सेटिंग्जची एक फाइलही काढून ठेवू. वही देवघराच्या ड्रॉवरमध्ये राहू दे, लॅपटॉपमध्ये नको.

विजेचं बघू. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबई, ठाणे आणि आपली नवी मुंबई एकदमच अंधारात गेली होती, तू घरून काम करत होतीस. तसं रोज होत नाही, पण पावसाच्या पहिल्या सरीला लाइट मिचमिचतातच, आणि नेमकं लिहिणं चालू असताना वीज गेली की नुकसान होतं. एक छोटा यूपीएस घे. त्याची यूएसबी वायर डब्याला जोडायची, म्हणजे बॅटरी उतरायला लागली की डबा स्वतःच शिस्तीत बंद होतो. ही वायर बहुतेक घरांत खोक्यातच पडून असते. बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलायची. आणि डबा त्या टीव्हीखालच्या बंद कपाटातून बाहेर काढ. डिस्क पन्नास अंशांच्या खाली राहिली पाहिजे. तुझ्या आयटी कंपनीच्या बसमधून ऐरोली-महापेच्या बाजूला त्या खिडक्या नसलेल्या डेटा सेंटरच्या इमारती दिसतात ना? तिथे जनरेटर आहेत, थंडगार हवा आहे, आणि तरीही डिस्क मरतात. तिथली माणसं रडत नाहीत, कारण तेच दुसरीकडेही लिहिलेलं असतं.

आपणही तसंच करू. दोन डिस्कची जोडी म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेलं दोन्हीकडून एकाच क्षणी पुसलं जातं. तुझी एक बाहेरची डिस्क माझ्याकडे खारघरला, माझी तुझ्याकडे. पण आपण दोघी एकाच पावसात, एकाच ग्रिडवर. म्हणून तिसरी नाशिकला दादाकडे, भाऊबीजेला जाऊ तेव्हा बदलायची. बाबांचे जुने लेख श्रीलिपीत आहेत, त्यांच्याबरोबर तो फॉन्टही ठेव, नाहीतर फाइल उघडेल आणि अक्षर लागणार नाही.

उद्या दुपारी साडेतीनला मी एसएमपीएस, नवी केबल आणि बॅटरी घेऊन येते. टीव्हीजवळची जागा रिकामी कर, बाळाला झोपवून ठेव. आणि एक कर. लग्नाआधीचा तुझा तो तडा गेलेला फोन माळ्यावर आहे का बघ. आजी ओव्या म्हणत होती तेव्हा माझ्या शेजारी तूही फोन धरून बसली होतीस. चार्जर नसला तर राहू दे, मी तीन-चार जुने घेऊन येईन. चालू मात्र तू करू नकोस, मी आल्यावर करू.